दाजींचं ‘कधीतरी’

पाणी म्हणजे जीवन, हे सर्वमान्य सत्य आहे. फक्त पाणी तपासणाऱ्या माणसाला ते कोणी विचारू नये. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत वरिष्ठ पदावर आहेत. पाण्यात काय काय असतं हे त्यांना नको इतकं ठाऊक. त्यामुळे संध्याकाळ झाली की ते पाण्याला एकटं पोटात पाठवत नसत. बरोबर कोणीतरी जाणतं देत.

दाजी दारुडे नव्हते, हे आधीच नमूद करणं माझं कर्तव्य आहे. दारुडा म्हणजे जो गटारात पडतो (आमच्याकडची गटारं बंदिस्त आहेत). दाजी घरी बसून, इस्त्रीच्या सदऱ्यात, स्वच्छ काचेच्या पेल्यात घेत. दिवसभर थेंबाथेंबाचं माप ठेवणारा हा माणूस घरी मात्र अंदाजाने ओतत असे, आणि त्यांचा अंदाज मुळातच दिलदार होता.

किती घेता, असं कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. ‘कधीतरी.’ या कधीतरीची व्याप्ती मोठी होती. कामाचा ताण आला की, ताण उतरला की, पाहुणे आले की, आणि ते एकदाचे गेले की. यात न बसणारा एखादा दिवस उरलाच, तर आज काहीच विशेष नाही, या विशेष कारणासाठी.

पुढे दाजींची भूक गेली, पोट पुढे आलं आणि डोळ्यांत पिवळी झाक दिसू लागली. कारण शोधायला घरात बैठक बसली. दाजींच्या काकांनी नव्या गादीवर संशय घेतला. ताईच्या सासूबाईंनी सुनेच्या हातच्या तेलावर. एका नातलगाने ऑफिसातल्या वरच्या साहेबांची नजर लागल्याचं सांगितलं.

‘आणि रोज संध्याकाळी पोटात काय जातं, त्याबद्दल कोणी बोलणार आहे का?’ ताईने विचारलं.

‘अगं, चांगल्या घरातल्या माणसाबद्दल असं बोलू नये,’ काका म्हणाले. शेवटी सर्वानुमते नळाचं पाणी दोषी ठरलं.

दाजी नियमाचे पक्के. त्यांनी घरच्या नळाचं पाणी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. ते निर्मळ निघालं. दाजी गंभीर झाले. ‘म्हणजे आमच्या तपासणीतच काहीतरी गडबड आहे,’ असं त्यांचं मत पडलं.

मग सकाळी हात थरथरू लागले. काचेची नळी हातात धरली की तीच किणकिणे. शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी सहकाऱ्याने उपाय सांगितला, ‘साहेब, निघताना घोटभर घेऊन या. हात कसा दगडासारखा राहील.’ उपायाला गुण आला. दाजी विजयी मुद्रेने ताईला म्हणाले, ‘बघ, ज्याने हात स्थिर होतो ते वाईट कसं असेल?’

‘ज्याने आग लावली तोच बादली घेऊन आला, तर त्याला हार घालायचा का?’ ताई म्हणाली. दाजींनी हा प्रश्न पुढच्या विचारार्थ राखून ठेवला.

तो विचार व्हायच्या आत, भरदुपारी, प्रयोगशाळेतल्या बेसिनमध्ये दाजींना रक्ताची उलटी झाली. सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. दाजी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ‘किती घेता?’

‘कधीतरी,’ दाजी पुटपुटले.

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं.

‘डॉक्टर, हे कधीतरी घेत नाहीत,’ ताई म्हणाली. ‘एरवी घेतात.’

‘यकृत बरंच गेलंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘उरलेलं टिकवायचं असेल तर यापुढे एक थेंबही नाही.’

‘थेंब म्हणजे साधारण किती मिलिलिटर?’ दाजींनी विचारलं. तेवढ्या अवस्थेतही व्यवसायनिष्ठा सुटली नव्हती.

ताई हसली नाही. तिने त्यांच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला. तोही थरथरत होता. (ताई आयुष्यात थेंबालाही शिवलेली नाही.) दाजींनी त्या दोन हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘बंद.’

आणि खरंच बंद केली. पहिले काही दिवस दवाखान्यातच घामाने भिजून, भिंतीवर नसलेल्या मुंग्या मोजत काढले. घरी आल्यावरही संध्याकाळ झाली की ते अंगणात येरझाऱ्या घालत आणि ताई न बोलता बरोबर चाले. आता भूक लागते, डोळ्यांतली पिवळी झाक गेली आहे.

समाजाला मात्र हे फार लागलं. रोज घेत होते तेव्हा ‘का घेता?’ म्हणून कोणी विचारलं नाही. आता जो तो विचारतो, ‘का घेत नाही?’ मित्रांच्या बैठकीत दाजींनी सरबत मागितलं की सगळे आवाज खाली करतात. ‘बिचाऱ्याची तब्येत गेली,’ असं म्हणतात आणि त्या दुःखात आणखी एकेक भरतात. हल्ली त्यांना बोलावतही नाहीत. त्यांच्याकडे बघून म्हणे घशाखाली उतरत नाही.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आलं असेलच. हे त्याला वाचायला द्यावं, असंही मनात आलं असेल. अवश्य द्या. फक्त वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही आलात, तर वाईट वाटून घेऊ नका.