शेऱ्याची गोळी

रविवारी तनुजाला बघायला वैजापूरचे साहेबराव मुलाला घेऊन येणार होते आणि इकडे तिच्या बापाची, सांडूची, खाज काही थांबेना. हर्सूलचा तलाव आटलेला, टँकर चौथ्या दिवशी. अंघोळ म्हणजे चैनच की! "पावण्यांसमोर एकदा जरी हात काखेत गेला ना, तर सोयरीक मोडली म्हणून समजा," वच्छलाबाईंनी नवऱ्याला दम भरला.

सांडू नव्या प्लॉटिंगवर राखणदार होता. तिथल्या शेऱ्या कुत्र्यालाही अशीच खाज सुटली होती. जनावरांच्या डॉक्टर योगिनीताईंनी गोळ्या दिल्या नि दोन दिवसांत खाजेनं पळ काढला. मग काय, शेऱ्याला अर्धी, आपल्याला अर्धी, असा सांडूनं अगदी इमानदारीत वाटा घातला.

सांडूची खाज गेली. पण भूक, अरे देवा! पाहुणे ओसरीवर टेकेपर्यंत पोह्यांची परात निम्मी झाली होती आणि त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली घागर रिकामी.

तेवढ्यात योगिनीताई शेऱ्याला तपासायला दारात हजर. सांडूच्या मागोमाग घरी आलेला शेऱ्या अंगणात कराकरा खाजवत होता. "काका, गोळ्यांनी याची तहान वाढायला हवी होती. पाणी लई पितो का?"

"त्यो कुठला पितोय!" वच्छलाबाई वैतागून बोलून गेल्या. "हे पितेत!"

योगिनीताईंनी सांडूची बाही वर सारली. हातभर पुरळ!

"काका, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले शिपाई. शेऱ्याचे शिपाई विनाकारण भांडत होते, म्हणून गोळीनं त्यांना खाली बसवलं. तुम्हाला तर खरूज दिसतेय. आत किडे पोसताहेत आणि तुमचे शिपाई झोपलेत! आजच माणसांच्या डॉक्टरकडं जा. आणि हो, ही लागट असते. घरातल्या सगळ्यांना मलम लावावं लागतं."

लागट! तनुजानं मान खाली घातली. सांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पावणं, चूक माझी हाय," तो हात जोडून म्हणाला. "माज्या पोरीला बोल लावू नका."

साहेबराव आल्यापासून दोन्ही हात मांडीखाली दाबून ताठ बसले होते. त्यांनी घसा खाकरला.

"ताई, आमच्याकडं टँकर आठव्या दिवशी येतो. त्ये मलम सात जणांना किती लागंल?"

मग हात मोकळे करत ते सांडूकडं वळले. "सोयरीक पक्की, इवाई. आता मला जरा मनसोक्त खाजवू द्या."