हंड्यांतली सासू

आधुनिक कलेचं नवं संग्रहालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असे. तिथं मांडलेली आपली कलाकृती दाखवायला शुभांगीनं सासूला, शरणम्मांना, अणदूरहून धाराशिवला आणलं. कलाकृती कसली, हे सांगायचा धीर मात्र तिला झाला नव्हता.

शरणम्मा सकाळपासून तापलेल्याच होत्या. भिंतीवरचे रंगांचे फराटे बघून म्हणाल्या, "ह्येच्यापरीस आमचा गोठा बरा सारवलेला असतोय."

शेवटच्या अंधाऱ्या दालनात पितळी हंडे टांगले होते. माणसं खाली बसून, डोळे मिटून ऐकत होती. एका हंड्यातून आवाज आला, "चहात साखर हाय का नुसतं गरम पाणी?" दुसऱ्यातून, "दिवाबत्तीच्या वक्ताला आरशाम्होरं काय करायलीस?"

शरणम्मा जागीच थबकल्या. आवाज त्यांचाच होता.

"शुभे! माजी अब्रू टांगलीस व्हय गं हंड्यात? ती बी मला न इचारता?"

तोवर तो आवाज कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सगळं दालन वळून बघू लागलं.

पहारेकरी धावला. "आजी, हळू बोला. लोकं ऐकायलेत."

"माजंच ऐकायलेत न्हवं? मग हितं बोलले तर काय बिघडलं?"

मोनिका नावाची एक कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला हळूच म्हणाली, "बापरे, हीच ती खाष्ट सासू!"

"खाष्ट?" शरणम्मा कडाडल्या. "हिला ताप आलता तवा रातभर उशाला कोण बसलं? त्ये न्हाय वाजत ह्या हंड्यात! निवडून निवडून शिव्या भरल्यात हिनं."

शुभांगीनं रडवेल्या तोंडानं बटण दाबलं. हंडे गप्प झाले. तरी एकही माणूस उठेना.

"चुकलं माझं, आत्या," ती म्हणाली. "तुम्ही लेकीकडं गेलात की घर खायला उठतं. म्हणून आवाज टेप करून ठेवला, अन् मग त्याचं हे केलं."

शरणम्मांचा पारा काही उतरला नाही.

"ही परकी माणसं डोळं मिटून ऐकायलीत. तू घरी कदी ऐकलीस का गं असं?"

शरणम्मांनी पदर खोचला, मोनिकाला सरकायला लावून मधोमध बसकण मारली आणि फर्मावलं,

"लाव परत. आन् तूबी बस खाली, माज्याम्होरं."