नवव्या प्रश्नाचं मोडी उत्तर

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी कोणाचा हेवा करत नाही. तो माझा स्वभावच नाही. देवासात आमच्या मराठी मंडळींपैकी कोणालाही विचारा, गणोजीराव कसे आहेत? "मोठ्या मनाचा माणूस" असंच उत्तर येईल. म्हणजे जूनच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तरी येत होतं.

आता माझा साडू अंबरीश. मेधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा धारचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने बदली केली आणि हा देवासला येऊन राहिला. वय अठ्ठेचाळीस. डोक्यावर सगळे केस, तेही काळे, तेही स्वतःचे. अंगात तिकडच्याच बाग गावच्या ठशांचा कुडता. प्लेटभर पोहे, वर मूठभर शेव, वर जिलबी असं खातो आणि पोट जिथल्या तिथे. यात हेवा करण्यासारखं काय आहे? मी फक्त माहिती देतो आहे.

खरी अडचण माईकची होती. आमच्या मराठी समाजाच्या गणेशोत्सवात अकरा वर्षं दहाही दिवस सूत्रसंचालन मी केलं. शाळेत गणित शिकवून शिकवून माझा आवाज असा झाला आहे की माईक नसला तरी शेवटच्या रांगेतलं पोर दचकून जागं होतं. गेल्या वर्षी सर्दीने गाठलं म्हणून दोन दिवस माईक अंबरीशकडे दिला. दोनच दिवस! तिसऱ्या दिवशी मी स्टेजवर चढलो तर पहिल्याच रांगेतून विचारणा झाली, "भिया, आज वो धारवाले नहीं बोलेंगे क्या?"

तेव्हापासून समितीत दोन तट पडले. अर्धे अंबरीशचे. उरलेले अर्धे माझे, असं मी धरून चाललो होतो.

या भांडणावर तोडगा काढला आमच्या नव्या सचिव देवश्रीताईंनी. त्या पुण्याला कसलंसं शिबिर करून आल्या होत्या.

"उन्हाळा सरताना प्रत्येकाने वही लिहायची," त्यांनी सभेत सांगितलं. "मी ग्रुपवर रोज एक प्रश्न पाठवीन, पंधरा दिवस. या उन्हाळ्याने काय दिलं, काय सोडून द्यायचं, मनात काय साठलं, सगळं खरं खरं लिहायचं. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी प्रत्येकाने एक पान वाचायचं. ज्याचं पान मनाला भिडेल, यंदाचा माईक त्याचा."

"आणि खोटं लिहिलं तर?" मी विचारलं. गणिताच्या माणसाला पळवाटा आधी दिसतात.

"तर स्वतःलाच फसवाल," देवश्रीताई म्हणाल्या.

एवढंच ना, म्हटलं. त्याचा मला रोजचा सराव आहे.

पहिले प्रश्न सोपे होते. या उन्हाळ्यातली जिभेवर राहिलेली चव कोणती? कोणती दुपार विसरता येत नाही? कूलरसमोर बसून मी झराझरा लिहीत गेलो आणि गंमत अशी की लिहिता लिहिता खरंच खरं येऊ लागलं. चव म्हटल्यावर अंबरीशने धारहून मागवून आमच्याकडे पाठवलेली आंब्याची पेटी आठवली. लिहिलं, "आंबे फारच गोड निघाले. फार वाईट वाटलं." लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मला त्या वहीची चटकच लागली.

पण घरात मेधा. ती हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलते फाडफाड, वाचते मात्र एकेक शब्द चाचपत. तरी चाचपत का होईना, वाचते. आणि तिच्या बहिणीच्या नवऱ्याबद्दलचा मजकूर असेल तर नक्की चाचपून वाचेल. म्हणून मी हुकमाचं पान काढलं. वही मोडीत लिहायची!

माझे आजोबा दरबारच्या दफ्तरात कारकून. त्यांनी मला लहानपणी छडी हातात घेऊन मोडी शिकवली होती. देवासात मोडी जाणणारा मी शेवटचा माणूस आहे, असं मी बऱ्याच सभांतून स्वतःच जाहीर केलेलं आहे. आधीची पानं फाडून पहिल्यापासून मोडीत उतरवली. वही टेबलावर उघडी टाकून मी बिनधास्त शाळेच्या कामाला जाऊ लागलो. मेधा एकदा पान उलटसुलट करून म्हणाली, "अहो, ही वही आहे की पेन चालतंय का ते बघितलंय?"

बेताचा दुसरा भाग तर याहून सरस होता. रविवारी वही हातात धरायची आणि तोंडाने हवं ते बोलायचं. उदात्त, क्षमाशील, डोळे भरून येतील असं काहीतरी. पडताळणार कोण? वही खरी, लिपी खरी, माणूस मी.

नववा प्रश्न आला. "कोणाचा हेवा वाटतो? का? मोकळेपणाने लिहा." मी मोकळेपणाने साडेसहा पानं लिहिली.

रविवारी पाच वाजता हॉल भरला. पन्हं फिरलं. अंबरीश नव्या कुडत्यात हजर, आणि त्याच्याबरोबर पहिल्या रांगेत त्याची आई, अक्का. वय अठ्ठ्याऐंशी. धारला राहतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे आलेल्या. गेली चार वर्षं त्यांना समोरचा माणूससुद्धा आवाजावरून ओळखावा लागे. मी वाकून नमस्कार केला.

"कोण, गणोजीराव? वाळलात हो," अक्का म्हणाल्या. मी आवाज न काढता त्यांनी मला ओळखलं, याचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता. मी "वाळलात" या शब्दावर खूश होऊन पुढे गेलो.

अंबरीशने आपलं पान वाचलं. दुपारी अंगणात झाडाखाली बसून आईला वर्तमानपत्र वाचून दाखवण्याबद्दल होतं. चांगलं होतं. मला अजिबात आवडलं नाही. माझ्या शेजारी मेधा पदराने डोळे टिपत होती.

मग मी उठलो. वही उघडून लोकांना दिसेल अशी धरली. "मजकूर मोडीत आहे," मी म्हटलं, "आजोबांची आठवण म्हणून." हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. नवव्या प्रश्नाच्या पानावर बोट ठेवून मी सुरुवात केली.

"हेवा? हेवा हा शब्द माझ्या लेखणीतून उमटत नाही. या उन्हाळ्यात मला अंबरीशकडे पाहून कळलं की दुसऱ्याचं यश हे आपल्याच अंगणातलं झाड असतं. त्याच्या हाती माईक असो की माझ्या, आवाज आपल्या समाजाचा आहे."

टाळ्या थांबेनात. अंबरीश रुमाल काढून बसला. देवश्रीताई पुढे आल्या. "ही वही सगळ्यांनी हातात घेऊन बघा," त्या म्हणाल्या आणि मी हो-ना म्हणायच्या आत वही पहिल्या रांगेत पोचलीसुद्धा.

मी जागेवर येऊन निर्धास्त बसलो. वही हातोहात फिरली. कोणी उलटी धरली, कोणी फोटो काढला, एकाने "वाह भिया, काय अक्षर आहे" म्हणून दाद दिली. मग ती अक्कांच्या मांडीवर येऊन थांबली. अक्कांनी पिशवीतून एक चष्मा काढला.

"कालच मिळाला," अंबरीश कौतुकाने म्हणाला. "दोन्ही डोळे आता एकदम क्लियर."

"मोडी," अक्का म्हणाल्या. "किती वर्षांनी पाहते आहे. माझे वडील धारच्या दफ्तरात होते. आमच्या घरी लोणच्याची कृतीसुद्धा मोडीत लिहीत."

माझ्या पायाखालचा हॉल सरकला. देवासातला शेवटचा माणूस मी असेन, धारची मोजणी मी केलीच नव्हती.

आणि मोडीचं एक आहे. तिच्यात शब्द सुटे लिहीत नाहीत. एकाला एक चिकटून ओळ धावत असते, त्यामुळे जुनी माणसं मोठ्याने म्हणून म्हणून शब्द तोडतात. अक्काही मोठ्याने म्हणू लागल्या. त्यात समाजाची माईकव्यवस्था बघणारे कृष्णराव, जे कार्यक्रमभर कोपऱ्यातल्या यंत्राशेजारी पेंगत असतात, ते नेमके जागे झाले. "अक्कांचा आवाज मागे येत नाही," असं म्हणून त्यांनी माईक त्यांच्या तोंडासमोर आणून ठेवला.

"अंबरीशच्या... केसांचा," अक्का वाचू लागल्या. "मला अंबरीशच्या केसांचा हेवा वाटतो. देवाने वाटप... करताना... माझ्या वाटचे केस त्याला दिले."

मी टुणकन उठलो. "अक्का, चष्मा नवा आहे. अक्षर लागत नसेल."

तिथे चुकलं. मी गप्प बसलो असतो तर म्हातारीने दोन ओळी वाचून वही मिटली असती.

"मला अक्षर लागत नाही?" अक्का ताठ झाल्या. "वडिलांसमोर बसून घडघडा वाचीत असे मी." आणि आपल्याला लागतं हे दाखवायला त्यांनी पान उलटलं. "हे ऐका. मी सांगतो ते विनोद ऐकून मेधा विचारते, दूधवाला आला का? तेच विनोद अंबरीशने सांगितले की ती भिंतीला धरून हसते."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मेधा माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघितलं.

"ते... ते शाईमुळे," मी म्हटलं. "शाई फुटली आहे त्या पानावर."

"मग पुढचं घेते," अक्का म्हणाल्या. "काल टेकडीवर गेलो. पायऱ्यांनी चढलो. देवीपाशी एकच मागितलं. अंबरीशचा घसा बसावा. फार नाही, दहाच दिवस. अनंत चतुर्दशीनंतर हवं तर पहिल्यापेक्षा चांगला होऊ दे."

आता सगळा हॉल हसत होता. ज्यांना मी अकरा वर्षांत एकदाही हसवू शकलो नाही, ते समितीतले तुकोजीराव खुर्चीवरून घसरले. अक्का मात्र परीक्षेला बसल्यासारख्या वाचत होत्या. आपण काय वाचतो आहोत यापेक्षा कसं वाचतो आहोत याकडेच त्यांचं लक्ष. लेकाच्या घशाचा मजकूर त्यांनी एकही शब्द न अडखळता पार पाडला.

"आणि त्याच्या आईच्या पुरणपोळीचं लोक... उगाच... कौतुक करतात. ती इतकी जाड असते की..."

अक्का थांबल्या. ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचली. मग वही मिटली, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि माईकमधूनच म्हणाल्या, "पुढचं मला लागत नाही."

मी उभाच होतो. बसावं की बाहेर जावं हेही सुचेना. अकरा वर्षांचा माईक गेला, अब्रू गेली, बायकोकडे बघायची सोय राहिली नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला रडू येत होतं. आणि तेवढ्यात अंबरीश उठला. आता हा मला जोड्याने मारणार, असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने माईक हातात घेतला. "देवश्रीताई, खरं लिहायचं असं ठरलं होतं," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी झाडं, आंबे, आई असलं लिहिलं. खरं एकट्या दादांनी लिहिलं. यंदा दहाही दिवस माईक दादांचाच."

टाळ्यांनी हॉल दणाणला. माईक मला मिळाला आणि टाळ्या त्याला. माफ करण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापुढे गेला, आणि तेही कुडत्याला एक सुरकुती न पडता. मी "आभारी आहे" असं म्हणालो. माझा आवाज पहिल्या रांगेतसुद्धा पोचला नाही.

नंतर पोहे खाताना आम्ही दोघे एका कोपऱ्यात आलो.

"राग नाही ना?" मी विचारलं.

"अरे यार दादा, छोडो ना. सगळ्यांच्याच मनात असतं काहीतरी."

मला एकदम उभारी आली. सगळ्यांच्याच मनात. म्हणजे याच्याही. आणि त्याने इतक्या सहज माफ केलं त्याचं कारण माझ्या लक्षात आलं. माझा गणितातला हात. माझी अकरा वर्षं. माझी मोडी. बिचारा आतल्या आत जळत असणार.

"अंबरीश," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तूही मोकळा हो. नवव्या प्रश्नाला तू काय लिहिलंस? लाजू नकोस. नाव सांग."

तो खरंच लाजला. बशीतली शेव चमच्याने इकडची तिकडे करत राहिला. "जाऊ द्या ना, दादा."

"सांग रे. माझ्या मनात काही राहणार नाही."

"कृष्णराव," तो म्हणाला.

"कोण?"

"आपले कृष्णराव, माईकवाले. मला खूप जेलसी होते त्यांची. आपण बोलून बोलून घसा कोरडा करतो. ते शांत झोपतात, आणि बटण त्यांच्या हातात असतं." मग माझा चेहरा बघून त्याने घाईघाईने जोडलं, "चार पानं लिहिलीत मी त्यांच्यावर."

"आणि माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला लिहीन, दादा?" अंबरीश मनापासून म्हणाला. "तुमच्याबद्दल माझ्या मनात तसलं काही म्हणजे काहीच नाही."

घरी आल्यावर मेधा बोलत नव्हती. तरी मी हिंमत करून विचारलं, "एक सांग. या गावात माझा हेवा करणारं कोणीतरी असेल ना?"

ती कणीक मळता मळता थांबली आणि विचार करू लागली. त्याला आज तीन आठवडे झाले. ती म्हणते, आठवलं की सांगते.