वायू निवड समिती, पहिला मजला

कोणतंही काम हाती घेण्याआधी त्याचा सर्व बाजूंनी विचार झाला पाहिजे, आणि विचार नीट झाला तर काम हाती घ्यायची वेळच येत नाही, यातच समाजाचं स्थैर्य आहे. जुळे सोलापुरातल्या एका तीन मजली सोसायटीत हे स्थैर्य गेलं वर्षभर नांदतं आहे. श्रेय सगळं वेणीमाधवरावांचं. (ते स्वतः घेत नाहीत. इतिवृत्तात घालून घेतात.)

प्रकरण तसं साधं. त्यांच्या पत्नी प्रभाताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या, पुण्याला लेकीकडे राहिल्या आणि तिथं काचेचे मणी करायला शिकून आल्या. रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरायची, ती काकवीसारखी ओघळायला लागली की सळईवर गुंडाळायची, आणि फिरवत राहायचं. त्याला टेबलावर बसणारा एक छोटा बर्नर लागतो, टॉर्च म्हणतात. तो त्या येताना घेऊनच आल्या. ऑक्सिजनचं यंत्रही आणलं. मग डॉक्टरांकडे गेल्या, कारण हल्ली चहाचा कप धरताना उजवा हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, बारीक काम जे काय करायचं ते याच वर्षी करून घ्या.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांचं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "अहो, मग टॉर्चला काय जोडू? प्रोपेनचा सिलिंडर आणू, की सोसायटीत पाइपचा नैसर्गिक वायू येतोय तो घेऊ?"

वेणीमाधवराव सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुणी पर्याय विचारून जमाना लोटला होता. हाताचं त्यांनी ऐकलं, वायूचं मनावर घेतलं. "घाई नको," म्हणाले, आणि समिती नेमली.

अध्यक्ष ते स्वतः. सदस्य सोसायटीचे सेक्रेटरी अनिलकुमार, आणि तळमजल्यावरचे बिरप्पा, जे उभा जन्म गिरणीच्या बॉयलरवर होते. (वायूचा अनुभव: वाफ.) प्रभाताई विशेष निमंत्रित. (चहापुरत्या.)

पहिल्या बैठकीत पाइपचा वायू घेतला. आता पाइपमधून येणारी वस्तू रोज येते, असा सोलापूरच्या माणसाचा अनुभव नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की माणूस लग्नाची पंगत सोडून घरी पळतो. तेव्हा बिरप्पांनी पहिलाच प्रश्न बिनतोड विचारला.

"गॅसची पाळी कितव्या दिवशी हाय? आन सोडणार कवा, पहाटं का रातच्याला?"

"तो चोवीस तास असतो हो," प्रभाताई ट्रे ठेवत म्हणाल्या.

समिती हसली. कुचेष्टेनं नव्हे, मायेनं.

"पाण्याचंही हेच ऐकत आलोय की, वहिनी," अनिलकुमार म्हणाले.

सबब वायू येईल त्या दिवशी भरून ठेवण्याचं ठरलं. गच्चीवर काळी टाकी बसवावी, झाकणाला वीट ठेवावी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो आपण होऊन वर चढतो, म्हणजे मोटरची गरज नाही. पाण्याला हे अद्याप साधलेलं नाही, अशी खंत इतिवृत्तात नोंदवली गेली.

पुढच्या बैठकीत प्रोपेन. हा आचेला कडक, पण हवेपेक्षा जड. गळाला तर खाली उतरून जमिनीवर पसरून बसतो.

"म्हंजी वरचं समदं माज्याच घरात येऊन बसणार की," बिरप्पांनी विरोध नोंदवला.

यातून समितीनं शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. प्रोपेन तळमजल्याचा वायू, नैसर्गिक वायू वरच्या मजल्याचा. प्रभाताई पहिल्या मजल्यावर, बरोबर मधोमध. त्यांच्या वाट्याला शास्त्रानं काहीच ठेवलेलं नाही.

मग जनमत. चोवीस फ्लॅटपैकी एकोणीस जणांनी मत दिलं, त्यातले एकवीस नैसर्गिक वायूच्या बाजूचे निघाले. कारण 'नैसर्गिक'. एका काकूंनी तो मधुमेहाला चालतो का, अशी चौकशी केली. तिघांनी प्रोपेन म्हणजे काय ते माहीत नसताना त्याला ठाम विरोध केला. (अशा नागरिकांमुळेच लोकशाही टिकते.)

"मी आणते की एक सिलिंडर," प्रभाताई एकदा वैतागून म्हणाल्या. "सगळी खबरदारी शिकून आलेय. माझा हात तुमच्या अहवालासाठी थांबणार आहे का?"

"अहवालाच्या आधी?" वेणीमाधवरावांचा चेहरा पडला. "मग समितीला लोक काय म्हणतील?"

प्रभाताईंना राग आला, मग नवऱ्याची कीवही आली, आणि कीव आली याचाच जास्त राग आला. तोवर त्या कप दोन्ही हातांनी धरू लागल्या होत्या.

एप्रिल लागला. पंखा लावला तर ज्योत हलते, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद केला तर माणूस हलत नाही, ही नवी अडचण पुढे आली. विषय दिवाळीपर्यंत तहकूब झाला.

प्रभाताईंनी टॉर्च पिशवीत घातला, ऑक्सिजनचं यंत्र रिक्षात चढवलं आणि वळसंगला गेल्या. तिथं त्यांच्या शाळेतल्या जुन्या सहकारी दाक्षायणीबाई शेतात राहतात. पत्र्याची शेड होती, भिंती दोनच, वारा अडवायला पोती लावली. दाक्षायणीबाईंनी समिती नेमली नाही. त्या म्हणाल्या, "जे हाय त्यावर पेटव की."

पहिला मणी लवकर गार झाला आणि तडकला. दुसराही तडकला. तिसरा त्यांनी गरम राखेत पुरला आणि संध्याकाळी काढला. निळा, आत एक पांढरी रेघ, एका बाजूला जरा कललेला. प्रभाताईंना इतका आनंद झाला की त्या पोत्यावर बसून रडल्या. त्यानंतर त्या दर आठवड्याला जात राहिल्या. टॉर्च घरात नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. (कागदावर तो होता.)

दिवाळीनंतरच्या बैठकीत चहासोबत एका बशीत त्यांनी तो निळा मणी ठेवला. "मी केलाय," म्हणाल्या.

समितीनं तो हातोहात फिरवला. अनिलकुमारांनी चष्मा वर केला. "कललाय. दाब कमी पडलेला दिसतो. नैसर्गिक वायूच असणार."

"छ्या, आच जादा झालीया," बिरप्पा म्हणाले. "पोरोपेनच हाय ह्यो."

"हात थरथरतो म्हणून कललाय," प्रभाताई म्हणाल्या. "मणी कसा झालाय ते सांगा की कुणीतरी."

वेणीमाधवरावांनी मणी बशीत ठेवला, अगदी हळू, आणि बायकोच्या हाताकडे पाहिलं. मग कागद ओढून घेतला. "हे विषयपत्रिकेत नाही," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना एक-एक मत. अध्यक्षांचं मत राखीव."

प्रभाताईंनी मणी उचलला, पिशवी घेतली आणि वळसंगची गाडी पकडली. मणी फिरवताना त्यांना आता सळई दोन्ही हातांनी धरावी लागते, पण त्या धरतात.

समितीचं काम सुरूच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये वायू कोणता होता, हे इथं सांगितलेलं नाही, आणि इतका वेळ तुम्ही तेच शोधत होता. मण्यातली रेघ कोणत्या रंगाची होती, हे मात्र मागं जाऊन पाहावं लागेल. संकोच करू नका. एक जागा रिकामी आहे, आणि तुमची पात्रता सिद्ध झालेली आहे. बैठक रविवारी, पहिल्या मजल्यावर. चहा आपला आपण करून घ्यायचा.