आगाऊ एडिटर आणि कांबळेबाई

कांबळेबाई टायपिंगला बसल्या की त्यांच्या डाव्या बाजूला चहाचा कप ठेवायचा नाही. मी दोनदा ठेवला, दोनदा फुटला. ठाण्याला कोर्टाबाहेर झाडाखाली बसून बाईंनी तीस वर्षं टाइपरायटर बडवला. ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलायची, ही त्या हाताची सवय. आता समोर मुलीचा जुना लॅपटॉप असतो. त्याला दांडी नाही. तरी ओळ संपली की हात सपकन हवेत जातो. मध्ये कप असो की माझं नाक.

आम्ही कळव्याला एकाच मजल्यावर राहतो, दारासमोर दार. मी चौथी शिकलेली, जन्मभर बाजारात मासळी विकली. संगणकातलं मला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण बाईंना ऐकायला माणूस लागतं आणि मला दुपारी झोप येत नाही.

त्यांची एकुलती मुलगी सुजाता बंगळुरूला कंप्युटरच्या कामात आहे. तिचा फोन रविवारी सकाळी दहाला येतो. तेव्हा बाईंच्या दाराला आतून कडी. गॅसवाला आला तरी उघडत नाहीत. बाकीचे सहा दिवस त्या फोनची वाट बघण्यात जातात. बाई हे कबूल करणार नाहीत, पण मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

सुजाताने फोनवरूनच शिकवलं आणि बाईंनी आमच्या बिल्डिंगसाठी एक पान बनवलं. मोबाइलवर उघडलं की आज पाणी किती वाजता येणार ते दिसतं. पाणी त्या वेळेला येतं असं नाही, पण पान छान आहे. ते पान ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. संगणकाला हुकूम लिहून द्यायची वही, असं बाईंनीच मला समजावलं. जुनी वही त्यांच्या हातात बसली होती. दिवाळीनंतर सुजाता म्हणाली, आई, आता नवा एडिटर घे, आम्ही सगळे तोच वापरतो. झालं. आमच्या मजल्याची शांतता गेली.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला हाक मारून नेलं.

"हिरा, हे बघ. काळं! कागद कधी काळा असतो का?"

"शाळेत माझी पाटी काळीच होती गो," मी म्हटलं. मी सगळ्यांनाच तू म्हणते, बाईंनासुद्धा.

"म्हणून चौथीत सुटलीस."

मग कंसाचं भांडण निघालं. बाईंनी कंस उघडला की एडिटर लगेच आपणहून बंद करायचा. वर बाई स्वतःही बंद करायच्या. पानावर कंसच कंस. "मी सत्य प्रतिज्ञेवर सांगते, तीस वर्षांत उघडलेला कंस मी कधी उघडा टाकला नाही. हा कोण मला शिकवणार?"

त्याहून वाईट म्हणजे तो पुढचा शब्द सुचवतो. बाईंनी दोन अक्षरं टाकली की खाली यादी हजर. "आगाऊ मेला! वकीलसुद्धा माझं बोट उठेपर्यंत थांबायचे." आणि चुकलं की शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ. ती पाहिली त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

दर रविवारी नवी तक्रार असायची. अक्षरं बारीक झाली, डावीकडची पानांची यादी गायब झाली, पान कुठे गेलं कळत नाही. फोन तासभर चालायचा. मला वाटायचं, म्हातारीला झेपत नाही, उगाच हट्ट.

म्हणून शनिवारी मी माझ्या सुनेला, रेश्माला, पाठवलं. ती डोंबिवलीला ऑफिसात कंप्युटरवरच काम करते. तिने दहा मिनिटांत सगळं सरळ केलं. पान पांढरं, अक्षरं मोठी, कंस बंद होणं बंद, सुचवणं बंद.

"काकी, आता काही त्रास नाही होणार," रेश्मा म्हणाली.

"छान," बाई म्हणाल्या. तोंड मात्र माझ्या टोपलीतल्या कालच्या बोंबलासारखं पडलेलं. आभार नाहीत, चहा नाही. रेश्मा हिरमुसून घरी आली. मला राग आला.

रविवारी साडेनऊला मी कोलंबीचं कालवण द्यायला गेले. खरं तर भांडायलाच गेले होते. दार लोटलेलं होतं. बाई पाठमोऱ्या बसलेल्या, बोटं पाण्यासारखी चाललेली. कुठे शोधणं नाही, अडखळणं नाही. टकटक, पान काळं झालं. टकटक, अक्षरं मुंगीएवढी झाली. डावीकडची यादी गेली. रेश्माने केलेलं सगळं त्यांनी दोन मिनिटांत उलटं केलं.

"बाई, तुला येतंय की गो सगळं!"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "हळू बोल. आणि दार लाव."

"लेकीशी खोटं बोलतेस?"

"ती विचारते, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी हो म्हणते. पुढे तिलाही सुचत नाही, मलाही नाही. दोन मिनिटांत फोन बंद." बाईंनी चष्मा पुसला. "तिच्या कामातलं विचारलं की बोलत राहते. ओरडते, हसते. मध्येच ऑफिसातलं काहीबाही सांगते. आज सगळं नीट असेल तर मी काय विचारू?"

मी कालवण ओट्यावर ठेवलं आणि निघाले.

"बस," बाई म्हणाल्या. "पण तोंड बंद."

दहाला फोन वाजला. बाईंनी आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"सुजा, अगं, बिघडलं बघ परत. डावीकडची यादीच नाही."

"आई! अगं, मागच्याच रविवारी सांगितलं ना? तू ऐकतच नाहीस. थांब, चहा घेऊन बसते." तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "हं. आता वरच्या ओळीत बघ, डावीकडून तिसरा शब्द. त्यावर दाब. दिसला?"

तो शब्द समोर होता. मलासुद्धा दिसत होता.

बाई फोनजवळ सरकून बसल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."