दोर कोणी कापला?

"कवितेत न कळण्यासारखं असतं काय?" पंचनामेसाहेब म्हणाले. "एक घटना असते, एक नुकसान असतं आणि कुणाची तरी चूक असते. आण इकडे."

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत जळलेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या तपासण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून ऑफिसनं बहाल केलेली ती पदवी. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच ते कामाला लागत, आणि ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यावं हे त्यांना कधी सुचलं नाही.

त्यांची मुलगी शाळेत भाषा शिकवायची. त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं त्यांच्यापुढे एक लांबलचक कविता ठेवली. गोष्ट साधी होती. माडीवर राहणारी एक मुलगी आणि गल्लीत दिवे लावत फिरणारा एक मुलगा. ती खिडकीतून दोर सोडते, तो चढून येतो. एके रात्री बापाला जाग येते आणि तो दोर कापतो. मुलगा पडून लंगडा होतो, मुलगी त्याचा हात धरून निघून जाते आणि बाप त्या तुटक्या दोराला गाठी मारत उरलेलं आयुष्य खिडकीत बसून काढतो.

"कळली का, बाबा?" मुलीनं विचारलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कोरडंच ताट पुसत होती.

"कळली. क्लेम खोटा आहे."

"कसला क्लेम?"

"बापानं दोर कापल्याचा. पुरावा काय? दोर बांधला कुठे, तर खिडकीच्या गजाला. त्यावर धडधाकट पोरगा रोज चढणार. असा दोर झिजतो आणि एक दिवस आपोआप तुटतो. बाप बिचारा आवाज ऐकून धावत आला, तर कवीनं त्यालाच पकडलं."

"अहो, प्रश्न दोराचा नाहीये," आई म्हणाली.

"मग कशाचा आहे? सबंध कविता दोरावर लटकलीय."

मुलगी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "समजा, बापानंच कापला. मग त्याचं चुकलं की नाही? त्यानं काय करायला हवं होतं?"

एखाद्या बापाच्या डोक्यात एवढ्यावर उजेड पडला असता. मुलगी लग्नाच्या वयाची, तिचे डोळे भरलेले, बायको अजून तेच कोरडं ताट पुसत असलेली. पण जगाचे पंचनामे करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नव्हतं.

"समजा-बिमजा चालत नाही," ते उठले. "प्रात्यक्षिक करू."

त्यांनी कपाटातून दोन चादरी काढून एकमेकींना बांधल्या आणि एक टोक बाल्कनीच्या कठड्याला अडकवलं. घर पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली फरशीचं अंगण. "थोडासाच भार देऊन बघतो," असं म्हणत, मुलगी "बाबा, नको" म्हणेपर्यंत ते कठड्यापलीकडे गेलेही.

गाठ सरकली. साहेब सरसर खाली गेले आणि मध्येच थांबले. वर हात कठड्याला पोचेना, खाली पाय जमिनीला लागेनात. उडी मारावी, तर गुडघे आधीच कुरकुरणारे. त्यांचा पुरता त्रिशंकू झाला.

तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी खिडकी उघडली. "कोणाचे पाय आहेत हे?"

"माझे."

"काय करताय?"

"कविता समजून घेतोय."

काकूंनी खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात फाटकापाशी स्कूटरला टेकून उभा असलेला एक तरुण धावत आला आणि त्यानं साहेबांचे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले. "चादर सोडू नका, काका. भार माझ्यावर द्या."

साहेबांनी भार दिला. सगळाच दिला. तरुण गुडघ्यात वाकला, पण हलला नाही.

"कोण रे तू?"

उत्तर वरून आलं. "बाबा, हाच तो."

"तो म्हणजे?"

मुलीनं कठडा घट्ट धरला. "आम्हाला लग्न करायचंय."

अशी बातमी ऐकल्यावर बापानं काय करायचं हे ठरलेलं असतं. आधी ताडकन उभं राहायचं, मग दाराकडे बोट दाखवायचं. पण साहेबांना उभं राहायला त्याच पोराचे खांदे होते, आणि बोट दाखवायला हात मोकळा नव्हता.

"काम काय करतोस?" त्यांनी खाली न बघता विचारलं.

"हिच्याच शाळेत गणित शिकवतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

तरुणानं खांदे सावरले. मग त्याचा धापा टाकणारा आवाज आला. "तरी आधी तुम्हाला नीट खाली उतरवीन, काका. मग घरी जाऊन रडेन."

अपघात झाल्यावर बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. अपघात चालू असताना खरं बोलणारा हा पहिलाच.

"बरं," ते म्हणाले. "उतरव."

"म्हणजे हो ना, बाबा?"

"हो म्हणजे हो. चादर सुटतेय!"

मग सगळे वर आले. आईनं चहा केला. साहेब गुडघ्याला मलम चोळत भावी जावयाकडे बघत बसले. चौकशी सुरू झाली, कारण जित्याची खोड.

"तू नेमका खाली कसा?"

"वाट बघत होतो. तुम्हाला कविता कळली की ही बाल्कनीतून खूण करणार होती. मग मी वर येऊन तुमच्याशी बोलायचं, असं ठरलं होतं."

"आज?"

"दर रविवारी."

साहेबांचा हात थांबला. मागच्या एका रविवारी मुलीनं पुढे ठेवलेली, होडीतून पळून जाणाऱ्या जोडीची कविता त्यांनी 'होडीत जास्त माणसं' म्हणून निकालात काढली होती. विहिरीवर भेटणाऱ्यांची 'कठडा नाही' म्हणून. या सगळ्या वेळी हा पोरगा खाली उन्हात उभा होता.

"अरे, मग सरळ येऊन बेल का नाही वाजवलीस?"

तरुणानं मुलीकडे पाहिलं. मुलगी कपात बघत राहिली.

"मी दर वेळी म्हणायचो, काका. पण ही म्हणायची, बाबा हुशार आहेत, पुढच्या कवितेत नक्की कळेल."