आत्याच्या पोटावर टॉर्च

लहान मुलांनी अवघड प्रश्न विचारला की मोठ्यांची दातखीळ का बसते, हे मला कधीच कळलं नाही. मी तंगवेल. उडुमलपेटजवळच्या, कोंबडीची अंडी उबवायच्या एका हॅचरीत अठरा वर्षं सुपरवायझर आहे. आठवड्याला चाळीस हजार पिल्लं माझ्या नजरेसमोर जन्माला येतात. जन्म या विषयावर मी गडबडणार? मी?

माझ्या घरातली माणसं मात्र गडबडली. माझी सहा वर्षांची लेक इनिया हिनं आजीला विचारलं, "मी कुठून आले?" आईनं आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या देतात ते उत्तर दिलं, "तुला होय? शेरभर कोंडा देऊन विकत घेतलं." पोरगी दिवसभर रडली. विकत घेतल्याचं दुःख नव्हतं, एकच शेर का, याचं होतं. मग तिनं माझ्या बायकोला गाठलं. सुगंधीनं भिंतीवरच्या मुरुगन देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली. कुकर गॅसवर नव्हताच.

त्यातच माझी धाकटी बहीण पूंगोडी हिला दिवस गेले आणि प्रश्नांचा पूर आला. मी जाहीर केलं, "आजपासून या घरात खरं उत्तर द्यायचं. वयाला झेपेल एवढंच, पण खरं." आणि इनियाला समोर बसवलं.

"आत्याच्या पोटात एक पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. बाळ तिथं वाढतं. भात जातो ती जागा वेगळी."

"पण आत गेलं कसं?"

"आईच्या शरीरात बारीकसं अंडं असतं. बाबांच्या शरीरातून बी येतं. दोन्ही एक झाली की बाळ धरतं."

"अंडं?" तिचे डोळे चमकले. दर शनिवारी ती माझ्याबरोबर हॅचरीत येते, त्यामुळे हा तिचाच प्रांत.

"हो, पण कवच नाही. रव्याच्या कणाहून लहान."

"आणि बी कसं येतं?"

स्वयंपाकघरात सुगंधीच्या हातून भांडं पडलं. मी घोटभर पाणी प्यालो. "एकमेकांना आवडणारी मोठी माणसं दोघांच्या मर्जीनं अगदी जवळ येतात, तेव्हा. ते मोठ्यांचं असतं. तू आणखी मोठी झालीस की आणखी सांगेन."

"बरं. बाहेर कुठून येतं?"

"आईच्या दोन्ही पायांच्या मधे त्यासाठी वाट असते, तिथून. कधी कधी डॉक्टर पोटाला छेद देऊन काढतात."

"बरं," म्हणून ती दोरीवरच्या उड्या मारायला निघून गेली. झालं की! एवढ्यासाठी लोक मुरुगनला त्रास देतात! पुढचे आठ दिवस मी हॅचरीत ज्याला त्याला चहा पाजून ही हकिकत ऐकवली. एक आकडा तेवढा सांगायचा राहिला होता, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सातव्या महिन्यात पूंगोडीला बांगड्या भरायचा सोहळा तिच्या सासरी, धारापुरमला ठरला. सोहळा झाला की मुलगी बाळंतपणाला माहेरी येते. आईनं दोन महिने आधीच खोली धुऊन ठेवली होती. पण पूंगोडीच्या सासूबाई नाचम्माळ काही केल्या हो म्हणत नव्हत्या. आमच्या कोंगू भागात अपमानसुद्धा अहो-जाहो करूनच करतात. "तुमच्या घराला पिल्लांचा वास येतो हो," त्या म्हणाल्या होत्या, "आणि इथं दवाखाना समोरच आहे. कार्य होऊ द्या, मग बघू." पूंगोडीनं मला फोन करून रडून सांगितलं, "अण्णा, काहीही कर, पण मला आईकडे ने. मला इथं भीती वाटते." मी म्हटलं, "मी आहे ना."

सोहळा झकास चालला होता. मधल्या खोलीत पूंगोडी पाटावर, गालाला चंदन, हातात आधी कडुनिंबाच्या काडीचं कडं, मग कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. मी दाराच्या आतल्या बाजूला चिंचेच्या भाताचं पातेलं धरून उभा. नाचम्माळ चक्क दोनदा हसल्या. तेवढ्यात इनियानं माझा शर्ट ओढला.

"अप्पा, आत्याला किती दिवस झाले?"

"दोनशे दहा!" मी चारचौघांना ऐकू जाईल असं, अभिमानानं सांगितलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या खिशातून तिनं काय काढून घेतलं तेही मला कळलं नाही, पातेलं जड होतं. एवढ्यात दार लागलं, खट्‌कन दिवा गेला आणि मधल्या खोलीत काळोख झाला. मग एक टॉर्च लागला. तो माझा होता. हॅचरीत दहाव्या दिवशी आम्ही अंड्याखाली टॉर्च धरतो. आत लाल रेघा दिसल्या तर अंडं पुढं जातं. नाही दिसल्या तर टाकाऊ अंड्यांच्या टबात.

टॉर्च पूंगोडीच्या पोटाला टेकलेला होता. तिनं जाड कांजीवरम नेसली होती. लाल रेघा कुठून दिसणार?

"काहीच नाही," इनिया म्हणाली. "आत्या रिकामी आहे."

कुणीतरी दिवा लावला. इनियानं आत्याच्या पोटाला मिठी मारली आणि हंबरडा फोडला, "एकवीस दिवसांत निघायला पाहिजे होतं! दोनशे दहा झाले! अप्पा, टाकू नका हो! एवढं एक टाकू नका!"

"कोण टाकतं?" नाचम्माळनी विचारलं.

"अप्पा. रोज टाकतात. टबभर."

चाळीस बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि परिस्थिती सावरायला पुढं झालो. "तसं नाही हो. आमच्याकडे शंभरातली पंच्याऐंशी तरी सुखरूप निघतात."

सुगंधीनं कपाळाला हात लावला. नाचम्माळ उठल्या. "माफ करा हां तंगवेल. माझी सून मी तुमच्या घरी पाठवत नाही." पूंगोडीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं.

मग मला इनिया दिसली. ती अजून मिठी सोडत नव्हती. तिला सोहळा, सासू, माहेर काही नको होतं. तिला तिचं भावंड टबात जाऊ द्यायचं नव्हतं. मी तिच्यापुढं जमिनीवरच बसलो. "बाळा, चूक माझी झाली. एकवीस दिवस कोंबडीचे. माणसाचे दोनशे ऐंशी. अजून सत्तर आहेत. आणि माणसाचं बाळ कुणीही, कधीही टाकत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आहे का नाही ते कसं कळणार? टॉर्चमधे दिसलं नाही."

उत्तर मला द्यावं लागलं नाही. पूंगोडीनं तिचा हात धरून पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला आणि दुसऱ्या हातानं बांगड्या खळाखळा वाजवल्या. इनिया दचकली. "चोच मारतंय!" ती ओरडली. "अप्पा, आतून चोच मारतंय! आजच निघणार, ट्रे आणा!"

पहिल्यांदा कोण हसलं सांगता येत नाही, पण नाचम्माळ शेवटपर्यंत हसल्या नाहीत. त्यांनी इनियाला जवळ ओढून घेतलं, नाक पुसलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनंही सांगितलं. पिशवी, अंडं, बी, मर्जी, वाट, काही वगळलं नाही. चार बाळंतपणं झालेल्या नाचम्माळ मान हलवत ऐकत होत्या.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "सतराव्या वर्षी कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा मला वाटत होतं, बाळ बेंबीतून येतं. किती घाबरले होते मी." मग पूंगोडीकडे वळून म्हणाल्या, "जा गं माहेरी. तिथं विचारलं तर सांगणारं कुणीतरी आहे."

मी नम्रपणे मान झुकवली.

"तुम्ही नाही हो," त्या म्हणाल्या. "ही."

गाडीत इनिया पुढं, पूंगोडी, सुगंधी आणि मी मागं, माझ्या मांडीवर चिंचेच्या भाताचं पातेलं. टॉर्च नाचम्माळनी ठेवून घेतला होता. दहा मैलांवर इनिया मागं वळली. "अप्पा, जुळी कशी होतात?"

मी तोंड उघडलं. सुगंधीनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, "नंतर सांगतो."

"नंतर म्हणजे किती दिवसांनी?" इनियानं विचारलं. "नीट मोजून सांगा."